पुन्हा सायकल चालू करून राहिलो : पंक्चर, चेन, ब्रेक घरीच शिकायचं म्हणतो, सामान काय घेऊ अन् काय नको?

पांदणवाला :
नमस्कार राजेहो. यवतमाळ जिल्हा, घाटंजी साइड, कापूस-तुरीवाला कास्तकार माणूस. शाळेत होतो तेव्हा रोज सायकलच होती, मग गाडी आली अन् सायकल जी सुटली ती सुटलीच, आता वावरात जायचं तरी किक, किराणा आणायचा तरी किक. म्हटलं यंदा पाऊस उघडला की पुन्हा चालू करू. वावर साडेतीन किलोमीटर आहे, त्यातली अर्धी पांदण, अन् जमलं तर आठवडी बाजाराला तालुक्याला.

घरी दोन पडून आहेत. एक बाबांची २८ इंची काळी, रॉड ब्रेकवाली, कॅरिअरवर क्विंटलभर लादलं तरी हूं नाही की चूं नाही. दुसरी पुतण्याची गिअरवाली, २६ इंची, पुढे ३ मागे ७, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक. तो नागपूरला शिकायला गेला तेव्हापासून गोदामात खताच्या बॅगांच्या बाजूला उभी आहे. हवा गेली, चेन लाल झाली, मागचा गिअर खटका मारला तरी जागचा हलत नाही, पुढचा ब्रेक चर्र चर्र करते.

गावातला पंक्चरवाला आता फक्त मोटरसायकल अन् ट्रॅक्टरचं पाहते. सायकल नेली की म्हणते ठेवून जा, मग ते ठेवलेलीच राहते. म्हणून म्हटलं थोडंफार आपणच शिकावं. तर सांगा कोणती काढू, घरी किती काम जमते अन् कुठं हात लावू नये, अन् सामान काय घेऊ. ऑनलाइन पाहिलं तर हातमोज्यापासून मोबाइल होल्डरपर्यंत एवढं दाखवून राहिले की सायकलपेक्षा सामानच महाग जाईन.

सोयाबीन_सम्राट :
पहिले हवा तर भरा भाऊ. हवा थांबली तर सायकल आहे, नाही थांबली तर भंगार आहे.

अकोला_ते_जमेल_तिथपर्यंत :
वेलकम बॅक दादा. गिअरवालीच काढा. माझ्या मते मिनिमम सेट असा, हेल्मेट, पुढचा-मागचा यूएसबी चार्जिंगवाला लाइट, मीटर असलेला फ्लोअर पंप, मल्टिटूल, दोन टायर लिव्हर, पंक्चर किट, एक स्पेअर ट्यूब, सीटखाली लावायची छोटी बॅग, बॉटल केज, पॅडेड शॉर्ट्स, ग्लोव्ह्ज. मग हळूहळू सायकल कॉम्प्युटर. मी २०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) करतो, त्याला साडेतेरा तास असतात, रात्रीचा पट्टा आला तर लाइट अन् रिफ्लेक्टिव्ह जॅकेट कंपल्सरी. सवय आधीपासून लागली की नंतर जड जात नाही.

सोयाबीन_सम्राट :
भाऊले वावरात जायचं आहे, तुम्ही त्याईले अमेरिकेत धाडून राहिले.

अकोला_ते_जमेल_तिथपर्यंत :
हाहा, अमेरिकेचंच काढलं तर सांगतो, आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१७ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आरपार सायकल शर्यत सोलो पूर्ण करून आले. विदर्भात सायकल चालवणारे कमी नाहीत, दिसत नाहीत एवढंच.

सायकलस्टोर_वर्धा :
थांबा जरा. आमचं सायकलचं दुकान होतं, भाड्यानंही देत होतो, तासावर. आता लहान भाऊ पाह्यते, मी जमलं तर बसतो. मले जे समजते ते सांगतो, लंबं होईन, चहा घेऊन वाचा.

पहिली गोष्ट, दोन्हीतली कोणती हे मले विचारान तर दोन्ही. पण आधी गिअरवाली, काहून की ते खताजवळ उभी आहे अन् आणखी उभी राहिली तर हातची जाईन. युरिया, डीएपी हे हवेतलं पाणी ओढते, त्या ओलाव्यात मीठ असल्यासारखं लोखंड खाल्लं जाते. बॅगवर टेकवून ठेवली असन तर चाकाच्या तारा, निप्पल, चेन, ब्रेकच्या वायरी, सगळ्यात पहिले तेच जाते. आजच तिथून काढा. साध्या पाण्यानं धुवा, प्रेशर पंपाचा फवारा मारू नका, चाकाच्या मधात अन् पायडलच्या मधात पाणी घुसते अन् ग्रीस धुऊन निघते. पुसा, दिवसभर सावलीत वाळू द्या.

मग चढायच्या आधी पाच मिनिटं पाहा. दोन्ही चाकाचे नट नाहीतर क्विक रिलीज आवळलेलं आहे का. पुढचा ब्रेक दाबून धरा अन् सायकल मागेपुढे हलवा, हँडलच्या मुंडक्यात खटखट आवाज आला तर तिथं ढिल आहे. चाक उचलून फिरवा, ब्रेकजवळ पाहा डावं-उजवं नाचते का, नाचलं तर आऊट आहे. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, धरून आडवी हलवा. टायर दाबून बाजूनं पाहा, भेगा पडल्या असन तर हवा भरू नका, टायरच बदला, उभ्या सायकलचं टायर बाजूनं चिरते.

आता टायर. हे नीट वाचा, कारण अर्धे लोक इथंच फसते. दुकानात जाऊन २६ इंची टायर द्या म्हटलं तर देणारा कोणतंही देईन. तुमच्या गिअरवालीले २६ × १.९५ नाहीतर २.१० असं काही लागते, अन् जुन्या लेडीज सायकलीले २६ × १ ३/८ लागते. दोन्ही २६ च म्हणतात पण रिम वेगळी. पहिलीची रिम ५५९ मिलिमीटर, दुसरीची ५९०. एकाचं टायर दुसऱ्यावर बसतच नाही. टायरच्या बाजूले बारीक अक्षरात ५०-५५९ असं लिहिलेलं राहते, पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमचा व्यास. दुसरा आकडा जुळला पाहिजे. तसंच बाबांच्या सायकलचं २८ × १ १/२, ते ६३५. अन् आजकालच्या हायब्रिडचं ७०० सी म्हणजे ६२२, त्यालेही काही कंपन्या २८ म्हणते. जुनं टायर सोबतच घेऊन जा दुकानात, नाहीतर त्या आकड्याचा फोटो काढा.

हवा. गिअरवालीच्या टायरवर किती पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ते छापलेलं आहे, जास्तीत जास्त किती ते असते ते. २६ च्या जाड टायरले ३५ ते ५० च्या मधात, पांदणीवर कमी, डांबरीवर जादा. अंगठ्यानं दाबून अंदाज घेणारे लय असतात पण त्याच्या अंगठ्याले वीस वर्षं झालेली असते, तुमच्या अंगठ्याले नाही. म्हणून मीटरवाला पंप हा पहिला खर्च. अकोलेकरांची यादी चांगली आहे, पण पंप आधी, बाकी सगळं नंतर. एकच ध्यानात ठेवा, गिअरवालीचा वॉल मोटरसायकलसारखा असन तर मीटर बरोबर दाखवते. बाबांच्या सायकलचा वॉल जुना, आत रबरी नळीवाला, त्यात मीटरचा आकडा भरवशाचा नाही. तिथं मात्र अंगठाच.

पांदणवाला :
बाप्पा. हे तर पुस्तकच झालं, धन्यवाद दादा. वॉल मोटरसायकलवालाच आहे. टायरवर ५०-५५९ च लिहिलं आहे. मागच्याला बाजूनं भेगा आहेत, पुढचं ठीक दिसते.

कोथरूडचा_वऱ्हाडी :
पांदण शब्द वाचूनच बरं वाटलं. इकडं पुण्यात सायकल ट्रॅकवर गाड्या उभ्या असतात. आमच्या कारंज्याला कैची मारत शाळेत जायचो, सीटवर पाय पुरायचे नाहीत. बाबांची २८ इंची विकू नका प्लीज.

पांदणवाला :
विकत नाही. पण काट्याचं काय करू ते सांगा. पांदणीवर दोन्ही बाजूनं हिवर अन् बाभूळ, धुऱ्यावर सराटे, त्यात कापसाच्या पऱ्हाट्या उपटून नेताना रस्त्यात सांडतात, त्याचे खुंट असे टोकदार असतात की चप्पलमधून पाय फुटते.

सायकलस्टोर_वर्धा :
विदर्भात सायकल म्हणजे पंक्चर, हे धरूनच चाला. शिका, अर्ध्या तासाचं काम आहे.

चाक काढलं की आधी उरलेली हवा पूर्ण सोडा. टायरची कड दोन्ही बाजूनं रिमच्या मधल्या खोलीत ढकला, म्हणजे ते ढिली होते, नवशिके हे करत नाहीत अन् मग पान्यानं उचकटत बसते. लिव्हर प्लास्टिकचे वापरा, पेचकस घालू नका, पेचकसानं ट्यूब चिमटते अन् एकाचे दोन पंक्चर होते. वॉलच्या समोरच्या बाजूनं काढायला सुरुवात करा. ट्यूब काढताना कोणती बाजू कोणत्या बाजूले होती ते ध्यानात ठेवा, म्हणजे भोक सापडलं की टायरमध्ये काटा कुठं असन ते लगेच कळते.

भोक पाण्याच्या टोपल्यात पाहायचं. तिथं काचपेपरनं घासा, चमक गेली पाहिजे, ट्यूबवर जो उभा शिवणीसारखा उंचवटा असते तोही घासून सपाट करा, नाहीतर तिथून हवा निघते. सोल्युशन पॅचपेक्षा मोठ्या जागेत पातळ लावा अन् थांबा. इथं लोक घाई करते. ओलं असताना चिकटवलं तर उन्हात सुटते. हात लावला तर बोटाला लागणार नाही एवढं वाळलं की मग पॅच लावा अन् मधातून बाहेर दाबत जा.

अन् सगळ्यात महत्त्वाचं, काटा टायरमध्ये अजून आहे. तो काढला नाही तर दहा पावलांवर पुन्हा फुस्स. बोटं फिरवू नका, बाभळीचा काटा नखात घुसते. कापसाचा बोळा घ्या, आपल्याकडं कापसाची कमी नाही, तो टायरच्या आतून दोन्ही दिशेनं फिरवा. जिथं काटा असन तिथं कापूस अडकते, तंतू निघते. बाहेरून दिसत नसलेला सराट्याचा काटाही सापडते. चिमट्यानं ओढा, नाही निघाला तर बाहेरून टोचून आत ढकलून काढा.

बसवताना ट्यूबमध्ये थोडीशी हवा भरा म्हणजे ते गोल राहते अन् रिमखाली दबत नाही. शेवटची कड हातानं चढवा, अंगठ्यानं. चढत नसन तर समोरची बाजू पुन्हा मधात ढकला.

अकोला_ते_जमेल_तिथपर्यंत :
कापसाची आयडिया भारी, हे मला माहीत नव्हतं. मी सीलंट टाकतो ट्यूबमध्ये, हिरवं लिक्विड, बाभळीचा एखादा काटा घुसला तरी आपोआप बुजतं. ज्या वॉलचा आतला कोअर स्क्रू करून निघतो त्यातूनच टाकता येतं. टायर अन् ट्यूबच्या मध्ये टाकायची प्लास्टिकची पट्टी पण मिळते, लायनर म्हणतात.

सायकलस्टोर_वर्धा :
सीलंट बारीक भोकाले चांगलं, पऱ्हाटीच्या खुंटानं फाडलं तर काही उपेग नाही, अन् मग पॅच लावताना ते चिकट सगळीकडं पसरते, पॅच बसत नाही. उन्हात वाळतेही, वर्षभरात पुन्हा टाका. लायनर पांदणीसाठी चांगला, पण त्याची टोकं धारदार असन तर तेच ट्यूब कापते, टोकं घासून गोल करून टाका. जुने लोक जुन्या ट्यूबची लंबी पट्टी कापून टायरच्या आत टाकत होते, तेही चालते, चाक थोडं जड होते.

सोयाबीन_सम्राट :
चेनले ट्रॅक्टरचं जळलेलं ऑइल. फुकट आहे, घरी आहे, गंज खलास. झालं काम. पुढचा प्रश्न.

सायकलस्टोर_वर्धा :
नोको रे बाबू. जळलेल्या ऑइलमध्ये काजळी अन् इंजिनचा चुरा राहते, त्यावर आपली काळ्या मातीची धूळ बसली की चेन साणेवर घासल्यासारखी झिजते. ग्रीसही चेनले लावू नका. ग्रीस चाकाच्या छऱ्यात, मुंडक्यात, पायडलच्या मधातल्या कपात. तिथं ट्रॅक्टरच्या दुकानातली बेअरिंगची ग्रीस चालते.

लाल झालेली चेन जुन्या ब्रशनं थोडंसं डिझेल लावून घासा (रॉकेल आता भेटते कुठं), कोरडी पुसा, मग रोलरच्या प्रत्येक जोडावर एकेक थेंब ऑइल, चेन दहा-बारा वेळा उलटी फिरवा, दहा मिनिटं थांबा अन् बाहेरून सगळं पुसून टाका. बाहेर दिसणारं ऑइल फक्त धूळ धरते, काम आतलं करते. शिलाई मशीनचं ऑइल चालते पण पातळ आहे, लवकर उडते, पावसात तर दुसऱ्या दिवशीच. सायकलचंच ऑइल बाटलीत भेटते, एक बाटली लय दिवस जाते. ते स्प्रेवालं गंज सोडवायले चांगलं, चेनचं ऑइल म्हणून नाही.

पण डिझेल-बिझेल करायच्या आधी चेन मोजा. लोखंडी फूटपट्टी घ्या. पिनच्या मधापासून बारा जोड्या मोजल्या तर नवी चेन बरोबर १२ इंच भरते. १/१६ इंच, म्हणजे दीड-पावणेदोन मिलिमीटर जादा भरली तर चेन बदला. १/८ जादा असन तर नुसती चेन बदलून भागत नाही, मागची फ्रायव्हील, म्हणजे मागच्या चाकाची दातेरी चकती, तेही खाल्लेली असते, नवी चेन तिच्यावर घसरते अन् पायडल मारताना खट्टकन पाय खाली जाते. उभं राहून चढ चढताना असं झालं तर दांडीवर बसान, मग सांगा मले.

रानजाई :
मी गडचिरोली जिल्ह्यातून, आरमोरीकडची, हायस्कूलला शिक्षिका आहे. धागा आवडला. आमच्याकडे सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, त्यामुळे शाळेत सायकलींची रांग असते पण दिवाळीनंतर त्यातल्या कितीतरी घरी पडून असतात, कारण काय तर चेन पडते, ब्रेक लागत नाही, पंक्चर. गावात दुरुस्तीवाला नाही आणि वडील धानाच्या कामात, मग मुलगी चालत येते नाहीतर येतच नाही. चेन सारखी का पडते हे कोणी सोप्या शब्दांत सांगाल का? मला शनिवारच्या तासाला मुलींकडूनच करून घ्यायचं आहे.

सायकलस्टोर_वर्धा :
ताई, हे सगळ्यात कामाचं विचारलं तुम्ही. बिनगिअरची चेन पडते ती बहुतेक ढिली झाली म्हणून, नाहीतर मागचं चाक तिरपं बसलं म्हणून.

चेनकव्हर असन तर खालच्या बाजूनं बोट घालून चेन वरखाली करून पाहा. मधोमध एक ते दीड सेंटिमीटर हलली पाहिजे. जादा हलत असन तर मागच्या चाकाचे दोन्ही नट ढिले करा, बहुतेक १५ चा पाना लागते, पण सायकलचा चपटा पाना घेतला, ज्याच्यात बरीच भोकं असतात, तर कोणताही नट भागते. चाक मागं ओढा. आता चाक दोन्ही बाजूच्या नळीच्या बरोबर मधात आलं पाहिजे, हे मुलींना डोळ्यानं पाहायले सांगा, मागं उभं राहून. एका बाजूचा नट थोडा, मग दुसऱ्या बाजूचा थोडा, असं आळीपाळीनं आवळा, एकच पूर्ण आवळला तर चाक तिरपं होते. मग पायडल पूर्ण एक चक्कर फिरवा. एखाद्या ठिकाणी चेन ताणल्यासारखी वाटली तर त्या ठिकाणी थोडी ढिल ठेवा, कारण चकती थोडीफार वाकडी राहतेच.

मागचं चाक हलवलं की मागच्या ब्रेकचं पुन्हा पाहा. रबर रिमवर पडलं पाहिजे, टायरवर नाही. टायरवर घासत असन तर चार दिवसांत टायर फाटते. रिम अन् रबराच्या मधात दोनेक मिलिमीटर जागा ठेवा. रबरावर खाचा असतात, खाचा दिसेनाशा झाल्या की रबर बदलायचं, ते वीस-तीस रुपयांचं काम आहे.

रानजाई :
खूप आभार दादा. अजून एक, पायडल बदलायचं म्हटलं तर डावं निघतच नाही, आमच्या शिपाईदादांनी जोर लावून पाना वाकवला.

सायकलस्टोर_वर्धा :
डाव्या पायडलचा आटा उलटा असते ताई. उजवं नेहमीसारखं उघडते, डावं घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवलं की उघडते. शिपाईदादा ते आवळत होते.

वरोऱ्याची_संत्री :
मुली सायकल चालवतात म्हटल्यावर आठवलं. १९८५ ला बाबा आमट्यांनी आमच्या आनंदवनातून भारत जोडो काढलं होतं, कन्याकुमारी ते काश्मीर, पोरंपोरी सायकलवर. तेव्हा कोणाजवळ जीपीएस होतं? गिअर पाहिजे की नाही यावर भांडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

अकोला_ते_जमेल_तिथपर्यंत :
मी कुठे भांडलो. सपाटीवर एकच गिअर पुरतो, मान्य. पण परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट बिनगिअर चढून दाखवा, मग बोलू. चिखलदरा ११०० मीटरच्या आसपास आहे. शिवाय एप्रिलमधली समोरची गरम हवा म्हणजे सपाटीवरचा घाटच.

सोयाबीन_सम्राट :
समृद्धीवरून येतो मी अकोल्यावाल्याले भेटायले, सायकल घेऊन.

अकोला_ते_जमेल_तिथपर्यंत :
समृद्धीवर सायकल, मोटरसायकल, रिक्षा काहीच चालत नाही. इंटरचेंजवरच अडवतील.

पांदणवाला :
हेल्मेटचं काय राजेहो, गावात घातलं तर पोट्टे मागं पळतील. अन् उन्हात डोकं शिजेल.

अकोला_ते_जमेल_तिथपर्यंत :
सायकलचं हेल्मेट हलकं असतं, त्याला हवेच्या खाचा असतात, मोटरसायकलच्या हेल्मेटसारखं नसतं. खाली पातळ सुती दुपट्टा बांधा, घाम डोळ्यात येत नाही. कपाळावर भुवयांच्या वर दोन बोटं बसलं पाहिजे, मागे ढकलून घालू नका. हनुवटीखाली पट्ट्यात दोन बोटं जातील एवढीच ढिल. पोरं दोन दिवस हसतील, तिसऱ्या दिवशी विचारतील कितीला आणलं.

सायकलस्टोर_वर्धा :
मी लाइट हेल्मेटच्याही आधी ठेवतो. आपल्या रस्त्यावर संध्याकाळी ऊस, कापूस लादलेल्या ट्रॉल्या बिनालाइटच्या असतात, बैलबंड्या असतात, रोही अन् रानडुक्कर मधात येते. पुढचा लाइट आपल्याले दिसावं म्हणून, मागचा लाल लाइट आपण दिसावं म्हणून. एकच घ्यायचा असन तर मागचा लाल घ्या. त्याहून स्वस्त काम म्हणजे रेडियमची पट्टी. मागच्या मडगार्डवर, पायडलवर, चाकाच्या तारेले लावा. पायडलवरची पट्टी वरखाली होते म्हणून लांबूनच समजते की सायकल आहे. घंटी तर पाहिजेच, म्हशींचा कळप ऐकत नाही पण मागचा गुराखी ऐकते.

रानजाई :
बायकांसाठी एक. साडी असो की ओढणी, मागच्या चाकाला जाळी पाहिजे, आणि चेनकव्हर काढून टाकू नका. दिसायला छान म्हणून मुली काढतात. कॅरिअरवर दप्तर बांधताना रबराच्या दोरीचा हुक तारांमध्ये जाणार नाही असा लावा. पुढच्या टोपलीत फार वजन टाकलं की हँडल आपोआप वळतं, जड वस्तू मागेच.

पांदणवाला :
अपडेट देतो. सायकल गोदामातून काढली, धुतली. मागचं टायर-ट्यूब नवी टाकली, आकडा पाहूनच आणली. दुकानदार दुसरीच देऊन राहिला होता, मी ५५९ म्हटलं तर माझ्याकडं पाहतच राहिला. पंप आणला. चेन मोजली, १/८ च्या जवळ भरते म्हणजे गेली. पुढचा ब्रेक अजून चर्र करते. गिअर तर हलतच नाही. अन् थोडं चालवलं तर गुडघ्याच्या समोर दुखते.

अकोला_ते_जमेल_तिथपर्यंत :
गुडघ्याच्या समोर दुखतं म्हणजे नव्वद टक्के सीट खाली आहे. पुतण्या तेव्हा बुटका असेल. भिंतीला टेकून सीटवर बसा, पायडल एकदम खाली, त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना पंजा ठेवला की गुडघ्याला थोडा वाक आपोआप राहतो. सीटच्या दांड्यावर मिनिममची खूण असते, त्याच्या वर काढू नका. आणि जड गिअर मारू नका, हलका ठेवून पाय जास्त फिरवा.

डिस्कचं असं. चाक फिरवून पाहा कोणत्या बाजूचा पॅड लागतोय. साध्या वायरवाल्या डिस्कमध्ये एकच बाजू हलते, दुसरी फिक्स असते, ती मागून ॲलन-कीने आतबाहेर होते. फिक्स बाजू रोटरच्या, म्हणजे चाकावरच्या पातळ चकतीच्या, अगदी जवळ आणा, लागणार नाही एवढीच. मग कॅलिपरचे, म्हणजे पॅड धरणाऱ्या डब्याचे, दोन बोल्ट, बहुतेक ५ च्या ॲलन-कीचे, थोडे ढिले करा, ब्रेक जोरात दाबून धरा आणि तसंच धरून दोन्ही बोल्ट आळीपाळीने आवळा. कॅलिपर आपोआप मध्ये बसतो. चेनला ऑइल लावताना रोटरवर उडालं असेल तर ब्रेक लागणारच नाही, मेडिकलमधून स्पिरिट आणून पुसा. रोटरला बोट लावू नका.

सायकलस्टोर_वर्धा :
गिअर हलत नाही म्हणजे बहुतेक वायर आतल्या आत गंजली. खताचीच करामत. मागच्या गिअरच्या डब्याजवळ (चेनले एका चकतीवरून दुसरीवर ढकलते तो) वायरचा नट सोडा अन् वायर हातानं ओढून पाहा, काळ्या नळीत अडकत असन तर वायर अन् नळी दोन्ही नव्या टाका, नुसती वायर टाकून काही होत नाही. टाकताना खटका सगळ्यात लहान चकतीवर, म्हणजे वायर पूर्ण ढिली, अन् मग नट आवळायचा. नंतर गिअर मोठ्या चकतीवर चढायले कुरकुरत असन तर वायर जिथून निघते तिथला गोल बटणासारखा ॲडजस्टर डावीकडं, म्हणजे घड्याळाच्या उलट, अर्धा-अर्धा चक्कर फिरवून पाहा.

एच अन् एल लिहिलेले दोन स्क्रू दिसतील. त्याले हात लावायची घाई करू नका. ते फक्त शेवटची हद्द ठरवते, चेन तारांमध्ये पडू नये म्हणून. एल जादा ढिला केला अन् गिअर तारांमध्ये गेला तर गिअरचा डब्बा, तारा, सगळंच तुटते. मागून पाहा, गिअरचा डब्बा चकत्यांच्या रेषेत सरळ लोंबतो का आतल्या बाजूले वाकला आहे. वाकला असन तर कोणतंही ॲडजस्ट काम करत नाही, ते दुकानातच.

फ्रायव्हील काढायले तिच्या मापाचा ओपनर लागते, त्याच्याशिवाय हातोडी-छन्नी मारू नका. आतले कुत्रे, म्हणजे फ्रायव्हीलमधले खटके, अडकले असन तर पातळ ऑइल सोडा, ग्रीस नाही, ग्रीसनं ते चिकटते अन् पायडल फुकट फिरते. चाकाचं आऊट, छरे बदलणं, फ्रायव्हील, वाकलेला गिअर, हे मेकॅनिकले द्या. बाकी सगळं तुम्ही घरी करून राहिलेच.

कोथरूडचा_वऱ्हाडी :
२८ इंचीचा पण कोणीतरी विचार करा.

सायकलस्टोर_वर्धा :
तिच्यात एकच बिमारी शोधायची, काटर पिन, म्हणजे क्रँकले मधल्या दांड्यावर पक्की धरणारी खीळ. पायडल मारताना एका चक्करमध्ये एकदा खट असं वाटते, ते पिन ढिली झाल्यामुळं. लोक नट आवळत बसतात, नटानं ते बसत नाही, पिन हातोडीनं ठोकून बसवायची अन् मग नट. ठोकताना क्रँकखाली लोखंडी ठोकळा द्या, नाहीतर सगळा मार आतल्या कपावर अन् छऱ्यांवर जाते. दोन्ही बाजूच्या पिना उलटसुलट दिशेनं बसतात. पिन घासली असन तर नवीच टाका. रॉड ब्रेकचं रबर पावसाच्या आधी बदला, ओल्या रिमवर ते थोडं उशिरानं धरते, हे चालवणाऱ्यानंच ध्यानात ठेवायचं.

वरोऱ्याची_संत्री :
पावसात काळ्या मातीच्या पांदणीवर सायकल नेऊच नका. चिकण मडगार्डमध्ये भरून चाकच जाम होते, मग सायकल खांद्यावर घेऊन यावं लागते. अन् उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत घरी, आमच्या चंद्रपूरकडं पारा ४५ च्या वर जाते. बाटलीत नुसतं पाणी नको, मीठ-साखर-लिंबू टाका, नाहीतर घरून ताक पिऊन निघा.

पांदणवाला :
बरं, एक विचारतो. चेन, फ्रायव्हील, गिअरची वायर तिन्ही बदलायचं असन तर मागचं चाक अन् जुनी चेन घेऊन एसटीनं वर्ध्याला आलो तर होईल का, का पूर्ण सायकल आणू? अन् २८ इंचीच्या काटर पिना कोणत्या मापाच्या लागतात?

सायकलस्टोर_वर्धा :
गिअर वाकला आहे का ते पाहायचं असन तर पूर्ण सायकल लागते, एसटीच्या टपावर टाकताना गिअरची बाजू वर ठेवजा, खाली नोको. काटर पिना मापानं मागू नका, जुनी एक काढून खिशात टाका. अन् सोमवारी येऊ नका, बंद असते.